बाण कुठून आला?

दादा गेल्याची बातमी खोतांनी आणली, आणि म्हणूनच मला ती आधी खरी वाटेना. सकाळची वेळ. आई देवापुढे वाती वळत बसलेली, मी ड्यूटीवर जायच्या गडबडीत. बघते तर फाटकाशी खोत. एका हातात त्यांच्या दुधाच्या बाटल्या, दुसऱ्या हातात आमच्या. आमच्या बाटल्या यांच्या हातात कशा? माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, देवाशपथ. "कुसुमताई, जरा बाहेर येता?" असं ते हळू आवाजात म्हणाले, तरी मी उंबऱ्यातच उभी. म्हटलं, "जे काय असेल ते इथेच बोला." त्यांनी बाटल्या ओट्यावर ठेवल्या. "माधव दुधाच्या रांगेत एकदम खाली बसला हो. मला वाटलं चक्कर आली असेल. डॉक्टरांना घेऊन आलो, पण तोवर..." मी चपला न घालता दूधकेंद्रापर्यंत धावत गेले. कशाला? तर खोत खोटं बोलताहेत हे बघायला. केंद्राच्या बाकावर दादा आडवा होता, कुणीतरी त्याच्या डोक्याखाली सतरंजीची घडी ठेवली होती. माणूस खरं बोलत होता. त्या दिवशी तरी.

या पुरवणीच्या संपादकांनी "तुमच्या भावाबद्दल चार आठवणी लिहा" म्हणून निरोप पाठवला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. माधव, म्हणजे माझा दादा, कुणी मोठा माणूस नव्हता. मुलुंडला मिठागरांच्या बाजूला आमची वाडी आहे, बैठ्या खोल्या, मध्ये अंगण, अंगणात तुळस. तिथे आई, दादा आणि मी असे तिघं राहत होतो. संपादकांच्या घरी दादाची कधीतरी ऊठबस होती, तेवढीच ओळख. पण लिहायला बसले, कारण दादाबद्दलची एक गोष्ट माझ्या डोक्यात इतकी वर्षं किड्यासारखी वळवळत होती आणि ती आता कुठे शांत झाली आहे. शांत झाली म्हणजे काय... दुसरीकडून चावायला लागली आहे.

आधी माझ्या स्वभावाचं सांगते, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको. मी संशयी बाई आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करते. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलं की माणूस आवाजावरून ओळखू येतो. "साहेब बाहेर गेलेत" म्हणणारा कारकून साहेबांच्या शेजारीच बसलेला आहे, हे मला पहिल्या शब्दाला कळतं. दादा म्हणायचा, "कुसे, तुला देवानं कान दिले ते तुझ्या शत्रूंवर सूड म्हणून." आणि स्वतः तो असा की कुणी काही सांगो, हा आपला "असेल गं, असेल." तो एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. रस्ते, नाले, पूल. त्याची रेघ बघायला साहेब लोक टेबलाशी येऊन उभे राहायचे. हात मुळीच हलायचा नाही. घरी आईला रांगोळीचे ठिपके सुद्धा हाच घालून द्यायचा, आणि त्या ठिपक्यांवरून आई चुकली की मोठ्यानं हसायचा.

ते सगळं एका नरकचतुर्दशीच्या पहाटे संपलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. दादाची आंघोळ झाली होती आणि तो अंगणात तुळशीपुढे पहिला भुईनळा लावायला गेला होता. हा आमच्या घरातला नेम. घरातल्या कर्त्यानं अभ्यंगस्नान केलं की तुळशीपुढे एक मातीचा भुईनळा उडवायचा, मग आई त्याला ओवाळणार, मग फराळ. मी तेव्हा न्हाणीघरात होते. डोळ्यांत उटणं गेलेलं, बंबातलं पाणी कढत. वाडीभर लवंगी माळा तडतडत होत्या. आणि एकदम अंगणात धाडकन आवाज झाला. पाठोपाठ दादाची आरोळी, "बाण! बाण आला कुठूनतरी!" मी अंगाला लुगडं गुंडाळून धावले. दादा डाव्या डोळ्यावर तळवा दाबून उकिडवा बसला होता. आईच्या हातातलं ताट पडलेलं, निरांजन विझलेलं. "माझ्या झिलाचो डोळो नेल्यान गो मेल्यान!" असा लेकासाठी तिचा मालवणीत आकांत. आणि समोरच्या ओट्यावर खोत. त्यांच्यापुढे दुधाची रिकामी बाटली, हातात न पेटवलेला बाण.

आमच्या वाडीत बाण उडवायचे ते एकटे खोत. काचेची दुधाची बाटली ओट्यावर ठेवायची, तिच्यात बाणाची काडी घालायची आणि उदबत्तीनं वात पेटवायची. हलकी बाटली, जरा धक्का लागला की कलंडणार आणि बाण सरळ माणसांत घुसणार, हे मी त्यांना दरवर्षी ओरडून सांगायचे. तेव्हा मला दुसरा विचार करायची गरजच पडली नाही. हातात न पेटवलेला बाण होता तर त्याच्या आधी पेटवलेला एक असणारच ना! दादा मात्र पहिल्या क्षणापासून म्हणत राहिला, "खोतांचा नव्हे गं. रस्त्यावरनं आला." मी म्हटलं, "तू पाठीवर डोळे घेऊन फिरतोस का रे?"

आणि इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एक म्हणजे, बाण जाताना सूं करतो. माझ्या कानांनी लवंगी ऐकली, सुतळी बॉम्ब ऐकला, दूरच्या देवळातली घंटा ऐकली, पण सूं नाही ऐकलं. दुसरं, बाणाची काडी. बाण फुटला तरी काडी कुठेतरी पडतेच. मी इस्पितळातून आल्यावर अंगण, गटार, कौलं, सगळं धुंडाळलं. काडी नाही. तिसरं, दादाची हनुवटी आणि नाकपुड्या काळ्या झाल्या होत्या. भुवई जळली होती ती खालून. रस्त्यावरून आलेला बाण माणसाच्या हनुवटीखालून शिरतो होय? कलंडलेल्या बाटलीतला एक वेळ शिरेल. आणि चौथं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. आई रडत रडत तुपाची वाटी घेऊन आली, भाजल्यावर तूप लावतात म्हणून. तर ज्या दादानं जन्मात आईवर आवाज चढवला नाही, तो केवढ्यानं ओरडला, "तूप नको! लांब ने ते तूप!" मला वाटलं, वेदनेनं ओरडला.

डोळ्यांच्या इस्पितळातली ती सकाळ मी विसरलेली नाही. बाहेर सगळं शहर करंज्या खातंय आणि त्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर माणसं एकेका डोळ्यावर फडकं धरून बसलेली. एकानं विझलेली लवंगी उचलून फुंकर मारली होती. एका बाईच्या मांडीवरच्या पोरीनं फुलबाजी हलवली ती आईच्याच पापणीला लागली. एक म्हातारा नुसता गॅलरीत उभा होता बिचारा, त्याला खालून बाण लागला. फटाके लावणाऱ्यांइतकेच बघणारे होते तिथे. डॉक्टर चिडलेले. म्हणाले, चोळलंत, तूप घातलंत, मध घातलात, की जे थोडं वाचलं असतं तेही घालवता तुम्ही लोक. मग दादाचा डोळा उघडून बघताना त्यांनी विचारलं, "खाली वाकला होतात का?" दादा म्हणाला, "नाही, उभा होतो." डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मीही पाहिलं. कानाला कळतं हो मला. तो आवाज साहेब बाहेर गेलेत म्हणणाऱ्या कारकुनाचा होता.

डोळा वाचला नाही. आतल्या बुबुळात दारूचे कण शिरले होते. पुढे सूज उतरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा ठेवलात तर चांगल्या डोळ्यालाही धोका आहे. काढला. त्या जागी काचेचा बसवला. कचेरीनं नकाशांच्या टेबलावरून उठवून त्याला आवक-जावकच्या टपालावर बसवलं. एका डोळ्याला अंतर कळत नाही, रेघ टाकायला गेला की पेन कागदाच्या आधीच टेकायचं. चहा ओततानाही कप सापडायचा नाही, म्हणून किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची, 'टिंग' वाजली की मग ओतायचा. गिरगावात त्याचं लग्न ठरत आलं होतं. त्यांचाही निरोप आला, मुलीची पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही. डोळा गेला तेव्हा पत्रिका बरी आठवली! दादा म्हणाला, "असेल गं, असेल."

मग मी गप्प बसेन होय? खोतांच्या ओट्यासमोर उभी राहून सगळ्या वाडीदेखत मी त्यांना विचारलं, "माझ्या भावाचा डोळा भरून द्याल का?" वाटलं होतं, भांडतील, शपथा घेतील. खोतांनी मान खाली घातली आणि आत निघून गेले. झालं, चोर सापडला! त्यातून त्या वर्षापासून त्यांनी बाण सोडणंच बंद केलं. निर्दोष माणूस कशाला बंद करेल? तेव्हापासून त्यांच्याशी माझं बोलणं बंद. दादा मात्र रोज त्यांच्याबरोबर दूध आणायला जायचा. रांगेत दोघं काय कुजबुजायचे कोण जाणे, मी दिसले की गप्प. मला खात्रीच पटली. खोतांनी डोळा घालवला आणि हा देवमाणूस त्यांना पाठीशी घालतोय. कितीदा विचारलं त्याला. जेवताना, फिरायला गेल्यावर, एकदा तर तापात असताना. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्यानं.

एक बदल मात्र झाला. आईला फटाके साठवायची सवय होती. दिवाळीतले थोडे तुळशीच्या लग्नाला, तुळशीच्या लग्नातले उरलेले पुढच्या दिवाळीला, असं वर्षभर डब्यात. आमच्याकडे मिठागरांचा दमट वारा, पावसात पापड सुद्धा मऊ होतात, तिथे फटाक्यांचं काय! मग ती ते सुपात घालून बंबाशेजारी वाळवायची. अपघातानंतर दादा उरलेला एकेक फटाका स्वतः बादलीत बुडवायला लागला. आई कुरकुरायची, "तुळशीच्या लग्नाक काय वाजवूचा मगे?" तो म्हणायचा, "टाळ्या वाजवू." आणि दर दिवाळीला, ओवाळून झालं की, आई त्याच्या त्या काचेच्या डोळ्याकडे बघून विचारायची, "तो बाण खयसून इलो रे?" तो म्हणायचा, "रस्त्यावरनं, आई." दरवर्षी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. माझं डोकं फिरायचं.

तसा तो खोटारडाच होता, हे मला उशिरा कळलं असं नाही. रविवारची पुरवणी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवायचा. आईला अक्षरओळख नाही, त्यातून आता मोतीबिंदू. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून, कागद उजव्या डोळ्याशी धरून, तास-तासभर वाचायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. एखाद्या गोष्टीत सून सासूला घराबाहेर काढते, तर हा वाचायचा की सुनेनं सासूला दुधाचा पेला दिला. खून झाला असेल तर हा नुसती चोरी करायचा, आणि चोरही शेवटी सापडायचा. मी बाहेर येऊन म्हणायचे, "दादा, असं कुठे छापलंय रे? दाखव बघू!" आई गोंधळून विचारायची, "असा नाय छापलेला?" तो शांतपणे म्हणायचा, "असंच छापलंय, आई. कुसुमला चष्मा लागलाय." मला असला राग यायचा! छापलेलं ते छापलेलं. माणसाला खरं ऐकायचा हक्क आहे की नाही?

दादाचं तेरावं झालं त्या दिवशी माणसं पांगल्यावर खोत मागे राहिले. आई आत आडवी झाली होती. मला अंगणात बोलावून म्हणाले, "ताई, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. आता आईंना तुम्हीच एकट्या." मी हाताची घडी घालून उभी. म्हटलं, कबुली येतेय. ते म्हणाले, "त्या पहाटे मी एकही बाण सोडला नव्हता. पहिलाच हातात होता. मी सगळं पाहिलंय. तो भुईनळा जुना होता, आईंनी वाळवलेला. त्याची वात गळून पडली होती. आईंनी तिथे तुपातली फुलवात खोचली होती... कापसाची."

फुलवात! आई रोज दुपारी शंभर वाती वळते, कुठल्याही वस्तूला वात लागली की तिचा हात कापसाकडेच जाणार. फटाक्याची वात सर्रकन जाते, माणसाला पळायला सांगते. तुपातली फुलवात निरांजनासारखी मंद, गप्प जळत राहते. "माधवनं पेटवलं आणि मागे झाला," खोत सांगत होते, "बराच वेळ काही होईना. त्याला वाटलं विझलं. वाकून बघायला गेला आणि ते फुटलं. तशा स्थितीत, ताई, डोळ्यावर हात धरून त्यानं पायानं ती भुईनळ्याची मातीची कुंडी तुळशीच्या मागे ढकलली. आईंचं ताट दारात दिसलं ना त्याला. आणि मग ओरडला, बाण आला म्हणून. इस्पितळातून आल्यावर माझ्याकडे आला, पट्टी बांधलेला. म्हणाला, काका, कुसुम तुमच्यावर येणार. तेवढं सोसा. आईला कळलं तर ती जगायची नाही."

आणि हे खोटं नव्हतं. आमचे बाबा तापात गेले, तर आदल्या रात्री आपण ताकभात वाढला म्हणून ते गेले, असं आईनं धरून ठेवलं होतं. अन्न सोडलं होतं तिनं. दादानं हातानं भरवून भरवून तिला परत आणलं. त्यानंतर आमच्या घरात ताक झालेलं नाही. ज्या बाईनं वाटीभर ताकासाठी स्वतःला इतकी शिक्षा केली, ती या डोळ्यासाठी काय करेल?

पण मी संशयी बाई. खोतांच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवते होय? "मग ती कुंडी कुठाय?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुळशीत. तुम्ही इस्पितळात असतानाच मी पुरली, जाताना त्यानं कानात सांगितलं म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं घेऊन मी तुळशीची माती उकरली. फार खोल जावं लागलं नाही. पेरूएवढी मातीची कुंडी, एका बाजूनं फुटलेली, आतून काळी. मी ती तळहातावर घेऊन बसले आणि मला जे रडू फुटलं ते दादाला अग्नी देताना सुद्धा फुटलं नव्हतं. नकाशे गेले, लग्न गेलं, बहिणीनं तापात छळलं, आणि हा माणूस चहा ओतताना 'टिंग' वाजवून हसत होता. इतका राग आला त्याचा! मला तरी सांगायचंस ना रे. मी काय आईची वैरीण होते? पण मग वाटलं, मला सांगितलं असतं तर माझ्या तोंडात एक दिवस तरी राहिलं असतं का? त्याला माझी पुरती पारख होती.

"काय करतंस गो थंय?" आतून आईनं विचारलं. कुंडी परत मातीत ढकलत मी म्हटलं, "माती भुसभुशीत करतेय." माझा आवाज मलाच ऐकू आला. एक्स्चेंजमधल्या कुठल्याही पोरीनं पकडला असता. आईनं नाही पकडला.

खोतांची मी माफी वगैरे मागितलेली नाही, त्यांना ते आवडलंही नसतं. सकाळी आमच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवते आणि म्हणते, "आमचंही आणाल का?" आता दिवाळी तोंडावर आली आहे. यंदा आमच्याकडे सण नाही, फराळ शेजारून यायचा. भुईनळा नाही, पण आईचा प्रश्न येणारच. परवा येऊनही गेला. "कुसुम, तो बाण खयसून इलो, माका शेवटपर्यंत कळाक नाय." मी पोळी लाटत होते, लाटणं थांबू दिलं नाही. म्हटलं, "रस्त्यावरनं, आई."

वाडीतली माणसं ही पुरवणी वाचतात, मला ठाऊक आहे. त्यांना मी इथेच छापील सांगून ठेवते. तोंडाला कुलूप लावा. हे ज्या कुणाच्या तोंडून आईच्या कानावर जाईल, त्याची गाठ माझ्याशी आहे, आणि मी कुणाशी किती वर्षं बोलत नाही हे खोतांना विचारून या.

दादाची वेताची खुर्ची खिडकीशी तशीच आहे. गेले काही रविवार तिच्यात मी बसते आणि आईला पुरवणी वाचून दाखवते. पहिल्या रविवारी जसंच्या तसं वाचलं. तर आई म्हणाली, माधव वाचायचा तेव्हा गोष्टी बऱ्या असायच्या. आता येत्या रविवारी हा लेख येईल. आईला आधीच सांगून ठेवलंय, दादावर लिहिलंय म्हणून, ती वाट बघतेय. मी वाचेन. दुधाची रांग वाचेन, नकाशे वाचेन, रांगोळीचे ठिपके वाचेन, चहाच्या कपाची टिंग वाचेन. मग अंगणातली ती पहाट येईल, आणि कागद डोळ्यांशी धरून मी वाचेन की रस्त्यावरून एक बाण आला, कुणाचा ते कुणालाच कधी कळलं नाही. आई खुर्चीकडे तोंड वळवेल. मग विचारेल, "असा छापलेला आसा?"

असंच छापलंय, आई.